गिअर पडंना

लोह्याच्या अलीकडं गाडी बंद पडली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. त्या वर्षी मला कशाचंच काही वाटत नव्हतं, त्यामुळे गाडीनं मनाला लावून घेऊ नये.

नांदेडला लेकीकडं दोन दिवस राहून आम्ही लातूरला परत निघालो होतो. गाडी माझे दीर चालवत होते, त्यांच्या शेजारी माझे यजमान, मागं मी आणि माझ्या मांडीवर लेकीनं दिलेली लोणच्याची बरणी. आधी गाडी घरघरली. मग तिसरा गिअर पडेना, मग दुसरा, आणि शेवटी दांडा रिकाम्या पातेल्यात डाव फिरावा तसा नुसताच फिरायला लागला. दिरांनी गाडी कशीबशी एका बाभळीखाली लावली.

“वहिनी, गिअर पडंना,” ते वळून मला म्हणाले. जसा काही तो मीच मागं बसून धरून ठेवला होता.

“क्लचप्लेट असंल,” हे म्हणाले. मग दिरांना पुन्हा एकदा दांडा हलवायला लावला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “न्हाई. गिअरबॉक्स गेला.”

ह्यांना त्या गाडीच्या पोटातलं सगळं कळायचं. ह्यांची नोकरी नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात आणि घर लातूरला. आमच्याकडं ह्याला अप-डाऊन म्हणतात आणि निम्मा मराठवाडा तेच करत असतो. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं, मधेच कुणाचं लग्न निघालं की पुन्हा एक फेरी. त्या गाडीत ह्यांनी जितका वेळ काढला तितका माझ्याजवळ बसून काढला नसेल. मागच्या दिवाळीच्या तोंडावर लकवा मारला. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं राहिलं, जरा जड झालं. पाय काठीच्या आधारानं घरात फिरण्याइतका परत आला, हात काही आला नाही. गिअर डाव्या हाताचा, क्लच डाव्या पायाचा. तेव्हापासून गाडी दीर चालवायचे आणि हे शेजारी बसून उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबायचे.

“अण्णा,” दीर बाभळीखाली उभे राहून म्हणाले, “तुमचं आन् गाडीचं दुखणं एकच की.”

हे हसले. मी बरणीचं झाकण घट्ट केलं.

गाडी ओढून परत नांदेडलाच नेली, कारण ह्यांचा नेहमीचा मिस्त्री तिथला. त्यानं दोन दिवसांनी फोन केला. फोन मलाच केला. आजारपणात घरातलं सगळं माझ्याकडं आलं होतं, गॅसच्या टाकीपासून शेताच्या फेरफारापर्यंत, तशी गाडीही आली.

“बाई, आतलं सगळं खाल्लंय,” तो म्हणाला. “खामखा ठोकपीट करून फायदा न्हाई. एक तर दुसरा गिअरबॉक्स बघून बसवू, न्हाई तर गाडी जशी हाय तशी देऊन टाका. गिऱ्हाईक मी बघतो.”

खर्च ऐकून दीर म्हणाले, “चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. विकून मोकळं व्हा.” हे म्हणाले, “नीट करून घ्या.” लेक फोनवर म्हणाली, “आई, तुला काय वाटतं?” मला काय वाटतं हे मला शोधून सापडेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, पण माझा तर बारावा कधी संपला आणि तेरावा कधी लागला हेच कळलं नव्हतं. मी प्रत्येकाला “बघू” म्हणत होते.

असं होण्याचं एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून आल्यापासून हे माझ्याकडं बघत नव्हते. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डाव्या अंगाला बसून हाताला, पायाला तेल चोळायची. तेवढा वेळ हे छताकडं नाहीतर उजवीकडच्या खिडकीकडं बघत पडलेले असायचे. एकदा हात माझ्या हातात होता आणि हे लेकीला फोनवर सांगत होते, “तुझी आई कुठं गेलीय कुणास ठाऊक, मघापासून एकटाच पडलोय.” माणूस आजारी पडला की जवळच्यावरच राग काढतो, असं भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगून जायची. मी तेच खरं धरलं. आधी वाईट वाटलं, मग राग आला, मग दोन्ही संपलं. पीठ मळावं तसा मी तो हात मळत राहिले.

बाकी सगळं त्या अधू बाजूच्या खात्यावर जमा होत होतं. चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. आंघोळीनंतर कपाळावर विभूतीच्या तीन रेघा ओढायचे, त्या कपाळाच्या मध्यापर्यंतच यायच्या. हात थकत असेल म्हणून उरलेल्या मी ओढायची. आणि ह्यांनी चटणी सोडली. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय ज्यांनी उभ्या जन्मात घास उचलला नाही, त्यांच्या ताटात ती जशीच्या तशी राहायला लागली. डॉक्टरांनी तिखट-मीठ कमी सांगितलं होतं. मला कौतुक वाटलं. मी ते चारचौघांत सांगितलं, आणि बघता बघता पाहुणेरावळे ह्यांच्या निश्चयाचा दाखला द्यायला लागले. एका साडूनं त्यावरून तंबाखू सोडली म्हणे, तीन दिवस.

तरीही मी चटणी वाढत होते. आमच्या सासूबाई वाढण्याच्या बाबतीत कडक होत्या. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडं, भाजी-वरण उजवीकडं. चुकलं तर ताट परत पाठवायच्या. त्या गेल्या पण माझा हात तसाच वळतो, आणि चटणीशिवाय ताटाची डावी बाजू मला उघडी वाटते.

शेवटी एकदा समोरासमोर ठरवू म्हणून आम्ही तिघं नांदेडला गॅरेजवर गेलो. आमची गाडी बोनेट उघडं टाकून कोपऱ्यात उभी होती, खालून काळं तेल गळत होतं. हे तिच्याजवळ गेले, टपावरून उजवा हात फिरवला आणि तिथंच उभे राहिले. मिस्त्रीला बहुतेक ते बघवलं नाही. त्यानं अंगणात उभ्या असलेल्या एका चॉकलेटी गाडीकडं बोट केलं. कुणीतरी विकायला ठेवलेली, जुनीच, पण ऑटोमॅटिक.

“साहेब, हिला बघा. हिला क्लचच न्हाई. डावा पाय बिलकूल लागत न्हाई, डावा हातबी लागत न्हाई. एका पायावर चालती.”

ह्यांनी माझ्याकडं न बघता दिरांकडं बघितलं. दीर म्हणाले, “बसून बगा की, अण्णा.”

हे बसले. पाय आत घ्यायला मी मदत केली. दांडा एकदाच, तोही उजवा हात पलीकडं नेऊन ओढायचा होता, तो मिस्त्रीनं दाखवला. गाडी हलली. गॅरेजच्या अंगणात ते पुढं गेले, थांबले, मागं आले, पुन्हा पुढं गेले. वर्षभर ज्यांना मोरीत जातानाही माणूस लागत होता ते काचेच्या आत एकटे होते, आणि हसत होते. तिसऱ्या फेरीत डावीकडच्या ऑइलच्या पिंपाला गाडी घासली. मोठा आवाज झाला. “अंदाजा यायला येळ लागतो,” मिस्त्री म्हणाला. आम्ही सगळ्यांनीच मान डोलावली.

त्या दिवसापासून घरात वारं फिरलं. जुनी विकायची आणि चॉकलेटी घ्यायची. हे पहाटे उठून व्यायाम करायला लागले. ऑफिसातल्या जुन्या मित्रांना फोन करायला लागले. लायसनचं काय करावं लागतं ते दीर विचारून आले. मी एकदा म्हटलं, “दीर आहेत, लागला तर ड्रायव्हर ठेवू. कशाला घाई?”

“मला गाडीचं कौतुक न्हाई,” हे खिडकीकडं बघत म्हणाले. “एकदा एकट्यानं नांदेडला जाऊन यायचंय. वाटंत चहा प्यायचा, आन् परत यायचं. कुणी संगं नको. बास. एवढं झालं तर मी माणसात आलो म्हणंन.”

मला भीती वाटत होती, पण ती ह्यांच्या आशेची भीती आहे असं मी समजत होते. आशा मोडली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून निस्तरायला माझ्यात जीव उरला नव्हता. तरी मी मिस्त्रीला हो म्हणून कळवलं. जुन्या गाडीला गिऱ्हाईक तयार होतं. त्याला लगेच पाहिजे होती, पण मधे येळवस, म्हणजे वेळा अमावास्या आली. अवसेच्या दिवशी आमच्यात कुणी व्यवहार करत नाही. अवस झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं उरकू, असं ठरलं.

येळवशीला आमचं अर्धं लातूर रानात असतं. औशाच्या पलीकडं आमचं थोडं रान आहे, ते दीर बघतात. कडब्याची कोपी केली होती, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. हरभरा गुडघ्याला लागत होता. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली आणि पंगत बसली. ह्यांना खाली बसता येत नाही म्हणून खुर्ची दिली, पुढं स्टूल आणि स्टुलावर पत्रावळ. मी पोळ्यांचा डबा उघडत होते, त्यामुळे ह्यांना माझ्या जावेनं वाढलं. पाहुणे खंडीभर, ती घाईत. समोर उभी राहून वाढत गेली आणि तिच्या हाताला आलं तसं पडत गेलं. चटणी उजवीकडं पडली, हिरव्या दाण्यांची अन् पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे डावीकडं.

“अरे वा!” हे मोठ्यानं म्हणाले. “शेंगदाण्याची चटणी! वरीस झालं, हिनं माझी चटणीच बंद केलीया. आज कुठं सुटका झाली.”

सगळे हसले. मी डबा घेऊन तिथंच उभी राहिले. मी रोज वाढत होते. काल रात्रीही वाढली होती.

हे चटणीशी भाकरी खात होते, मिटक्या मारत. मग इकडं तिकडं बघितलं आणि जावेला म्हणाले, “भज्जी न्हाई का केली औंदा?”

येळवशीला भज्जी नाही म्हणजे लग्नात नवरी नाही. “अण्णा, थट्टा करायलाव काय? पुढ्यात तर हाय,” ती म्हणाली आणि पुढं गेली. ह्यांनी पुढ्यात बघितलं. मी ह्यांचे डोळे बघत होते. ते पत्रावळीच्या मध्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले, भिंत लागावी तसे.

मी गेले आणि पत्रावळ फिरवली, भज्जी उजवीकडं येईल अशी.

“हां, आत्ता वाढली बगा,” हे म्हणाले आणि भज्जी खायला लागले.

मी बांधावर जाऊन बसले. कुणाला काही वाटलं नाही, येळवशीला सगळेच कुठंकुठं बसलेले असतात. डोळ्यांपुढून एकेक गोष्ट जात होती. अर्धी विभूती. दाराची चौकट. ते पिंप. आणि तेल लावताना त्या अंगाला बसलेली मी. ह्यांचा माझ्यावर राग नव्हता. मी त्यांना दिसतच नव्हते. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली, कारण ज्यानं मला बरं वाटत होतं त्यानंच त्यांचं नांदेड गेलं होतं. डावीकडून काय काय येतं रस्त्यावर! ऊस भरलेले ट्रॅक्टर, मोटरसायकली, शाळा सुटलेली पोरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवहार होता. मिस्त्रीला मी एक दिवस थांबायला सांगितलं आणि ह्यांना तपासणीच्या नावाखाली डॉक्टरांकडं नेलं. हे बाहेर बसले असताना मी आत जाऊन पत्रावळीची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी ह्यांना आत घेऊन काही काही करायला लावलं, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसवले आणि “झालं” म्हणून पेन ठेवलं. नंतर डॉक्टर मला एकटीला म्हणाले, “डोळे चांगले आहेत. पण डावीकडं काही आहे, ह्याची मेंदू दखलच घेत नाही. सरावानं थोडं सुधारेल. गाडीचं मात्र नाव काढू नका.” असं दवाखान्यातून सोडतानाही सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. त्या दिवशी मला माझं नाव सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

दिरांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, “वहिनी, मी सांगतो, ती ऑटोमॅटिक दुसऱ्या कुणी नेली म्हणून.”

“आणि उद्या तिसरी दिसली तर?”

“मग तुम्हीच सांगा. मला जमायचं न्हाई,” ते म्हणाले आणि चपला घालून गेले.

दुपारी मी नेहमीसारखं ताट वाढलं आणि नेहमीसारखी ह्यांच्या डाव्या अंगाला बसले. टेबलाची तीच बाजू भिंतीपासून मोकळी आहे.

“ताटात काय काय वाढलंय, सांगा बरं.”

“आता परीक्षा घेतीस काय?” ते खुशीत होते. “वांगं, वरण, भाकरी.”

“चटणी?”

“ती तू वाढतीस कुठं?”

मी ताट फिरवलं. चटणी, लिंबाची फोड, कांदा. ते बघत राहिले. मग उजव्या हातानं त्यांनी स्वतः ताट फिरवलं, चटणी गेली. पुन्हा फिरवलं, आली. बराच वेळ ते ताट टेबलावर घासल्याचा आवाज येत राहिला. लहान मूल झाकण उघडझाप करतं तसं ते करत होते, फक्त चेहरा मुलाचा नव्हता.

“रोज असती?” त्यांनी विचारलं.

“रोज.”

“आन् तू? तू कुठं असतीस?”

“इथंच असते. तेल लावताना ह्याच अंगाला बसते.”

वरणावर साय धरायला लागली. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, काही न गाळता. गाडीचंही. मला वाटलं होतं, ते चिडतील, ताट ढकलतील. ताट ढकललं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“ते पिंप,” ते म्हणाले, “मला दिसलंच न्हाई. मला वाटलं, मिस्त्रीनं मागून आणून ठिवलं.”

“हं.”

“आन् ती गाडी घेतली असती तर तू माझ्या डावीकडंच बसली असतीस की.”

ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी ट्रॅक्टरचा विचार केला होता, पोरांचा केला होता.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. मग म्हणाले, “मिस्त्रीला फोन लाव. जुनीलाच गिअरबॉक्स बसव म्हणावं.”

“आणि चालवायची कुणी? दीर किती दिवस पुरणार?”

“तू शीक.”

“ह्या वयात?”

“मी सांगतो की शेजारी बसून. तू चालवायलीस म्हंजे मी डावीकडं आन् तू उजवीकडं.” ते खिडकीकडं बघत होते. “तिकडं असलीस म्हंजे दिसशील मला.”

मी बरं म्हटलं. आवाज नीट लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते हनुवटीवरून पदरावर पडत होतं, आणि मी पुसलं नाही. मी डाव्या अंगाला बसले होते.